रफार

चोपड्याच्या स्टँडामागे माझं डीटीपीचं दुकान.
वैशाखातली दुपार, कूलरमध्ये पाणी नाही.
जळगावच्या मेहुण्याकडून पेनड्राइव्हवर
सदतीस फॉन्ट आणलेत.
सगळे निवडले, उजवं बटण, इन्स्टॉल.
हिरवी पट्टी चढावरच्या गाडीसारखी
थांबत थांबत सरकते.

एकेक उघडून बघावा, तर आधी
तोच इंग्रजी कोल्हा कुत्र्यावरून उडी मारतो.
आमचे कोल्हे केळीत शिरून
ठिबकच्या नळ्या चावतात,
उडीबिडी नाही.

उखर्डू आबा मघापासून स्टुलावर,
नातीच्या लग्नाची पत्रिका करायचीय.
निमंत्रक म्हणून त्यांचं नाव टाकलं
नव्या वळणदार फॉन्टात,
आणि आले नुसते चौकोन. रिकामे.
“मनं नाव कोठे शे?”

आधीची तिन्ही गेली,
म्हणून आईनं चौथ्याला उकिरड्यावर ठेवलं
आणि परत उचलून आणलं.
यमाला ओळख पटू नये म्हणून हे नाव.
आज मशीनलाही पटेना.

दुसऱ्या फॉन्टात रफार भलत्याच अक्षरावर.
तिसरा निवडला आणि लाइट गेली.
पाऊण तास आम्ही पुठ्ठ्यानं वारा घेत
केळीचे भाव बोललो.

मग अकराव्या फॉन्टात एकदाचा
रफार ड वर नीट बसला,
आबांच्या टोपीसारखा, किंचित कलता.
आबांनी चष्मा पुसून काचेवर बोट टेकवलं,
अक्षरं मोजली.
“मोठं नको करू भाऊ,
बारीकच ऱ्हाऊ दे.”

अठराचं बारा केलं.
सेव्ह.