पदर

एक डोंगर आहे, पाच वर्षं ओळखीचा,
जिथे मी कधी गेले नाही.
त्याची उंची मला फुटांत पाठ आहे.
कुठला ओढा ऑगस्टमध्ये आटतो,
कुठल्या उताराला बर्फ मेपर्यंत चिकटून राहतो,
हे मी मालाडच्या सहाव्या मजल्यावर बसून सांगते,
रात्रपाळीत, एसीपुढे शाल घेऊन.

मी शिकाऱ्यांसाठी नकाशे करते.
कोलोरॅडोत एल्क नावाचं जनावर असतं,
सांबराचा थोरला चुलतभाऊ म्हणा.
त्याच्यासाठी माणसं सप्टेंबरची रजा जानेवारीत टाकतात
आणि आम्हाला विचारतात,
पाणी कुठे, चारा कुठे,
गाडी कुठवर जाते
आणि गाडीचा आवाज कुठवर.
रस्त्यापासून दीड मैल सोडून मगच खूण करायची,
ही रेहानाची पहिल्या दिवशीची ताकीद.

कंपनीच्या यादीत शब्द आहेत बेंच, सॅडल, स्पर.
मी मनात म्हणते पदर, खिंड, सोंड,
आणि डोंगर जरा इकडे सरकतो.

त्या वर्षी पाय मोडला म्हणून घरून काम करत होते,
आरेतल्या पाड्यावर,
लॅपटॉप पत्र्याच्या पेटीवर, इंटरनेट दारात उभं राहिलं तर.
बा मागे येऊन बसला.
(ऑफिसच्या फॉर्मवर : शिडवा वरठा, मजूर.)
‘ही कसली जाळी टाकलीस?’

मी म्हटलं, विहारचं पाणी उन्हाळ्यात उतरतं,
काठावर एकीखाली एक रेघ ठेवत जातं, बघितलंयस ना?
तशा या रेघा. जवळजवळ आल्या की कडा,
लांब लांब गेल्या की सपाटी.
तो ‘हं’ म्हणाला.
मग बराच वेळ काही म्हणाला नाही.
बिडी विझली तरी ओठांत तशीच.

केंडल नावाच्या माणसाचा नकाशा होता.
तीन दिवस मी त्यात जागा शोधत होते,
चार खुणा केल्या होत्या, चारही पुस्तकी.
बाने बोट टेकवलं.
माथ्याच्या खाली, पण फार खाली नाही,
सावलीच्या अंगाला,
जिथे दोन रेघा क्षणभर श्वास सोडतात.
‘हितं बसल त्यो.
पाठ डोंगराला, तोंड उताराला.
दिवसा वारा चढतो, खालचा वास त्याला मिळतो.
मागनं कुणी आलं तर माथ्यावरनं वारा सांगतो.’
‘बा, तो सांबर नाही.’
‘नाक तर हाय ना त्याला?’

त्याच्या बापाबरोबर तो या डोंगरात कुठे कुठे बसला होता,
काय घेऊन परतला होता,
हे त्याने मला आजतागायत सांगितलेलं नाही.
वनखात्याचा माणूस चहाला आला
की तो फक्त करवंदांबद्दल बोलतो.

मी पाचवी खूण केली.

ऑक्टोबरात फोटो आला.
केंडल गुडघ्यावर बसलेला, नारिंगी टोपी,
आणि हातात धरलेली शिंगं,
आमच्या दारातल्या शेवग्याएवढी पसरलेली.
खाली लिहिलं होतं, पाचवी जागा, दुसरी सकाळ, आभार.
रेहानाने माझ्या नावापुढे तारा दिला.
महिनाअखेर दोन हजार जास्त आले.

फोटो मी बाला दाखवला.
त्याने आधी जनावराचे खूर बघितले, मग डोळा.
केंडलकडे बघितलंच नाही.
‘केवढं हाय,’ तो म्हणाला.
आणि थोड्या वेळाने,
‘किती घरं जेवली?’

नकाशात घरांचा वेगळा थर असतो.
तो आम्ही बंद ठेवतो, शिकाऱ्याला लागत नाही.
आमचा पाडा तर कुठल्याच थरावर नाही,
तिथे नुसता हिरवा रंग आहे.
मी केंडलच्या दरीतला तो थर उघडला.
काळे, बारीक चौकोन, ओढ्याच्या वळणावर.
मोजले.
‘अकरा.’
‘मग पुरलं असल,’ म्हणाला बा
आणि अंथरुणावर जाऊन कूस वळला.

त्यातली किती घरं
ऑक्टोबरात कुलूप लावून बंद असतात,
हे मला माहीत होतं.
ते मी सांगितलं नाही.