दोन बोटं माती

तळाला दोन बोटं काळी माती,
वर दीड बोट सीनेची वाळू, नऊ पाण्यांनी धुतलेली.
एवढंच. बाकी काचेचं काम
अशोक चौकातल्या हमीदभाईचं,
आणि त्याची ताकीद: सिलिकॉन सुकेपर्यंत
तीन दिवस हात लावायचा नाही.

टाकी ठेवलीय जिथं माझा माग होता.
भंगारवाला तो किलोवर घेऊन गेला तेव्हा
फरशीवर तेलाचे चार डाग राहिले.
टाकी त्या चार डागांत नेमकी बसते.
मी मापं घेतली नव्हती.

दुकानदार म्हणाला, परदेशी माती घ्या,
दाणेदार, वास नाही, पिशवी अठराशेला.
सोलापुरात माती विकत?
हिप्परग्याच्या अंगाला मेहुण्याचा तुरीचा तुकडा आहे,
सायकलीला पोतं बांधून आणली.
आम्ही घरात तिला मट्टी म्हणतो, शेजारचे मण्णू.

पहिल्या वेळी चुकलं.
ढेकळं फोडली आणि घोळायला घेतलं
नागमणीचं सूप.
ती दुपारची आडवी झाली होती, विचारायचं राहिलं.
खडे एका कडेला, काड्या एका कडेला,
मऊ काळं पीठ टाकीत.
मलेरिया खात्याच्या माणसाकडून आणलेले
वीस गप्पी सोडले संध्याकाळी.
आधी ते काचेवर धडकत सुटले,
मग वाकडे पोहायला लागले,
दिवेलागणीला वीसच्या वीस पालथे.

मी पाण्याला दोष दिला, ब्लीचिंगला दिला,
शेणखताच्या मुठीला दिला.
नागमणीनं टाकीत बोट बुडवलं, नाकाशी धरलं,
मग भिंतीला टेकवलेलं सूप उचलून
त्याच्या विणीत नख घातलं.
तपकिरी भुकटी निघाली.
"सत्तावीस वर्षं हे मांडीवर आहे माझ्या,"
एवढंच म्हणाली.
उद्या कारखान्यात हजार विड्या द्यायच्या होत्या.
त्या रात्री ती हात धूत राहिली,
पाचव्या दिवशी येणारं पाणी
तांब्या तांब्यानं मोरीत सांडत.
मी अडवलं नाही.

दुसऱ्या वेळी मातीला ती स्वतः बसली.
मंगळवार बाजारातली प्लास्टिकची नवी चाळण.
माती भिजवायची, वरचं गढूळ ओतून टाकायचं,
गच्चीवर पसरायची, भेगाळली की पुन्हा भिजवायची.
चार वेळा.
मे महिन्यात आमचं ऊन हे काम
भाकरी भाजल्यासारखं करतं.
शेणखत चिमूटभर, तेही वर्षभर मुरलेलं;
ताज्याचा माज मासे मारतो.
नळाचं पाणी दोन दिवस उघड्या घागरीत.
तलावाच्या काठची लांब पात्यांची शेवाळी
वाळूतून खाली मातीत खोचली, मुळापुरती.
आणि मासे नाहीत. सहा आठवडे मासे नाहीत.
जिन्यावरून जाणारे विचारायचे,
रिकाम्या पाण्याकडं काय बघत बसता?

पाणी आधी चहासारखं झालं, मग दुधट,
मग एका सकाळी पलीकडची भिंत दिसली.

आता माती मधूनच एखादा फुगा सोडते,
जड, कुजका, उशिरा आलेल्या ढेकरेसारखा.
तो आत साठू द्यायचा नसतो.
मागाच्या फणीची एक तार मी ठेवून घेतली होती,
तिनं इथं तिथं हलकेच टोचतो.
धागा तुटल्यावर जसा हात आपोआप जायचा
तसा जातो अजून.

सूप तेच आहे. विड्याही चालूच आहेत,
चालू ठेवाव्याच लागतात.
फक्त ती आता दाराबाहेर बसते वळायला,
आणि माशांना चिमूट टाकण्याआधी
साबणाचे ओले हात माझ्यापुढं धरते,
आधी तळवे, मग उलटे,
शाळेच्या रांगेतल्या पोरीसारखे.
मी बघतो. मान हलवतो.
नऊ सोडले होते. काल तिनं एकतीस मोजले,
मग एक पात्याआडून निघाला,
मग पुन्हा पहिल्यापासून.