आठ तारा

संध्याकाळचा वर्ग, टोलेडो.
डोरीन शिमान्स्की, वय त्रेपन्न.
काचेचा कारखाना बंद पडला
तेव्हापासून बाकावर.

नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी…
चष्मा कपाळावर ढकलून
पुटपुटते, पाढे म्हणावेत तशी.
अंगठ्यावर भट्टीचा जुना डाग.
टेस्टरचा सातवा दिवा लागत नाही.
पुन्हा.

शेजारचा एकोणीस वर्षांचा पोरगा म्हणतो,
"तयार मिळते की, तीन डॉलरला."
ती ऐकत नाही. किंवा ऐकते.

मग फोनचा सराव:
खोटं गिऱ्हाईक खोटंच चिडतं.
"बंद करून पुन्हा चालू करा"
एवढंच म्हणायचं असतं.
ती विचारते,
"बंद पडलं तेव्हा
तुम्ही काय करत होता?"

पार्किंगमध्ये बर्फ.
कोटाच्या खिशात अडीच हात केबल,
आठही दिवे लागलेली,
कुठेच न जोडलेली.