रकाना क्रमांक नऊ

सोहारच्या दवाखान्यात, दुसऱ्या खिडकीमागे,
माझं काम आकडे भरण्याचं
आणि मधूनमधून दुभाषाचं.
भिंतीवर सरकारी पोस्टर:
हसरा माणूस, त्याच्या डोळ्यांपुढे एक बोट,
खाली पाच भाषांत, शिफारस केलेला उपचार.
तेलुगू त्यात नाही. मराठीही नाही,
पण खिडकीमागे मी आहे.

येल्लय्या आला तेव्हा पायात कंपनीचेच बूट होते.
परांचीवर, सहा माणसं उंच,
त्याच्या हातातून निसटलं होतं
मेहुण्याचं मनगट. घामानं ओलं. जून महिना.
एवढंच सांगतो.
मग म्हणतो, एसी फार आहे.

डॉक्टर नुहा बोट हलवतात.
डावीकडे, उजवीकडे.
त्याचे डोळे मागोमाग,
टेबलफॅनकडे बघणाऱ्या बाळासारखे.
चोवीस फेऱ्या. मग: आता किती? शून्य ते दहा.
मी हिंदीत सांगते,
तो ते तेलुगूत नेतो,
तिथे एकटाच काहीतरी तोलतो
आणि आकडा घेऊन परत येतो.

पहिल्या दिवशी त्यानं मला हळूच विचारलं,
"कितीवर सुट्टी मिळते?
आणि कितीवर घरी पाठवतात?"
हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही.
त्यानं सहा म्हटलं, मी सहा लिहिलं.

कॅम्पात सगळ्यांना पाठ आहे:
सातच्या वर गेलात तर तिकीट,
तीनच्या खाली आलात तर परत परांची.
म्हणून सगळे बेतानं उतरतात,
आठवड्याला एक पायरी,
आणि आमचा आलेख फार देखणा दिसतो.

वार्षिक अहवाल: सुधारणा एक्क्याऐंशी टक्के.
रात्री मी यादी काढून बसले.
सत्तावीसांतले बावीस, हिशेब बरोबर आहे.
पण दारातून आत आले होते शेहेचाळीस.
एकोणीस जण तिसऱ्या भेटीला आलेच नाहीत.
व्हिसा रद्द. फोन बंद. कंपनीनं साइट बदलली.
खेडच्या बशीर परकारच्या नावापुढे
नुसती रेघ, माझ्याच हातची,
आणि कशाची ते मला आठवत नाही.

आणि ते बावीस?
ते बोटानं बरे झाले,
की आठवड्यातून एक तास
थंड खोलीत, खुर्चीवर बसायला मिळालं म्हणून?
की नुसते दिवस गेले?
कावळा बसला, फांदी तुटली,
आम्ही कावळ्याला प्रशस्तिपत्र दिलं.

करक पिताना मी डॉक्टरांना हे विचारलं.
त्या रागावल्या नाहीत, हीच पंचाईत.
म्हणाल्या, "मोसूलमध्ये माझ्यासमोर
कुणी बोट हलवलं नाही.
अकरा वर्षांनी मी आपोआप झोपायला लागले.
सांग, हा पुरावा कुठल्या बाजूनं धरू?"
मग कप खाली ठेवून,
"ते पोस्टर मीही वाचते.
पण दार उघडून समोर माणूस बसला
की मला हात मांडीवर ठेवून बसवत नाही."

मला दोघींचं पटलं,
आणि त्या रात्री झोप मात्र माझी गेली.

आज येल्लय्याची आठवी भेट.
रकाना क्रमांक नऊ: आता किती?
"काल झोपलो."
आकडा सांगा.
"झोपलो, मॅडम. मधे एकदा उठलो. परत झोपलो."
मी तसंच टाईप केलं.
रकाना लाल झाला: फक्त अंक स्वीकारले जातील.

बाहेर खारा वारा, काचेवर वाळूचा लेप,
साडेतीनची बस हॉर्न देतेय.
सही करून तो खिडकीतून पेन पुढे करतो
आणि मी ते नीट धरलंय का
हे बघून मगच बोटं सोडतो.

आधी वाटलं, हे लिहून ठेवावं.
मग आठवलं,
पहिल्या दिवशीही त्यानं पेन
असंच सोडलं होतं.