तिसरा शुक्रवार

इथे रविवार शुक्रवारी येतो.
त्याची सवय व्हायला मला दोन वर्षं लागली.
सभासद व्हायला चार मिनिटं पुरली:
मिस्सा संपली, फादर अन्सेल्म म्हणाले, मराठीतून कोण?
आणि गास्पर लोपीसने माझा हात धरून वर केला,
लिलावात पापलेट धरतात तसा.

धर्मग्राम परिषद.
फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, पंचायत का रे?
मग नळाचं बघ म्हणावं आधी.
कसलं ग्राम, आई.
सोहारच्या कडेला एका कुंपणात एक देऊळ, पत्र्याचा हॉल,
गाड्या लावायला वाळू,
आणि ज्याचा व्हिसा संपेल त्याच्यापुरतं संपणारं गाव.

आधीचा सभासद बावतीस रुमाव कायमचा गेला, निर्मळला.
जाताना कपाटाची किल्ली दिली आणि एक वही:
कुटुंबं चौदा, एकटे एकवीस.
अर्धी नावं त्यानेच खोडलेली.
कपाटात गायनाची तीस पुस्तकं,
पहिल्या पानावर शाईने
बोळिंज, गिरीज, नंदाखाल.

पहिल्या सभेला मी इस्त्रीचा शर्ट घातला,
बंदराच्या भांडारात घालून उपयोग नसतो असा.
दीड तास आम्ही बोललो
शेजाऱ्याच्या फाटकापुढे गाडी कोण लावतं यावर,
एसीवर, सणानंतरच्या कागदी ताटांवर.
मी दोनदा मान हलवली.
इतिवृत्तात ती 'सहमती' म्हणून आली.

मग विषय सातवा.
दिल्रुक्षी दारातच उभी राहिली, खुर्ची दिली तरी.
सिंहली बायकांच्या वतीने, घरकाम करणाऱ्या.
मॅडम शुक्रवारीच सोडते, म्हणाली, चार ते सहा.
आणि चारचे शुक्रवार वाटलेले:
पहिला कोंकणी, दुसरा तमिळ, चौथा मलयाळम.
तिसरा आमचा.
आता कुठे बसता? फादरनी विचारलं.
टाकीच्या सावलीत. माळ म्हणतो.
किती जणी?
साठ.

तुमच्याकडे किती येतात, रेमेत?
वर्गीसने विचारलं, वाकड्यात नाही, त्याला आकडे लागतात.
मी वही उघडली. उघडायची गरज नव्हती.
नऊ. त्यात दोन मुलं, मराठी न येणारी.
आणि मी.

गास्परने बजावलं होतं, सगळं दे, शुक्रवार देऊ नको.
बावतीसने तो तास सात वर्षं अर्ज करून मिळवलेला.
आणि खरं सांगायचं तर
मी दिवसभर हिंदीत माल मोजतो, इंग्रजीत सही करतो,
चहा अरबीत मागतो.
देवाशी भांडायला मला तेवढाच एक तास होता.

हात वर करा, फादर म्हणाले.
केला.

आम्हाला मिळाला तीन महिन्यांतून एक शनिवार,
सकाळी साडेसहा.
गास्परच्या घरी वसईहून सुकेळी आली.
खोली नंबर अकराला मिळाली, तेराला मिळाली.
बाराला मी राहतो.

तिसऱ्या शुक्रवारी पाय आपोआप तिकडेच गेले.
शेवटच्या बाकावर बसलो.
एक शब्द कळला नाही, आमेन सोडून.
पुढच्या बाईच्या मानेवर भाजल्याचा डाग होता,
गाताना तो वरखाली होत होता.
नंतर त्यांनी कपाटातली एक फळी मागितली.
मी बोळिंज, गिरीज, नंदाखाल खाली सरकवलं.
धुळीने शिंक आली, कोणीतरी सिंहलीत काही म्हणालं,
बहुतेक शतायुषी हो.

आज पुढच्या सभेचे कागद आले.
विषय तिसरा: मराठी सभासद बदलण्याबाबत अर्ज.
खाली सह्या एकेचाळीस.
एकेचाळीस!
एवढे आम्ही नाताळालाही जमलो नव्हतो.
त्यातली सहा नावं वहीत नाहीत:
कोणी फलजच्या कॅम्पातला, कोणी लिवाचा इलेक्ट्रिशियन,
एक नर्स, निकोलिना तुस्कानो, गाव भुईगाव.
मी ती सहाही लिहून घेतली,
फोन नंबरसकट.