उलटी बाजू

सव्वानऊला दाजी पेठेत बाजार उघडतो म्हणजे
माझ्या मोबाइलमध्ये उघडतो.
खाली गज्जमांचे माग आधीच सुरू असतात,
टेबलावरचा चहाचा पेला थरथरत
हळूहळू कडेकडे सरकतो,
आणि मी एका हाताने तो मागे ओढतो.

दिवसभर मी टॉवेल तपासतो.
ट्यूबलाइटखाली डाग, गाठ, तुटलेला ताणा.
हे काम मला शंकरम्मा आत्याने शिकवलं.
ती म्हणायची, सुलटी बाजू सगळ्यांचीच गोरी असते बे,
उलटून बघ.

म्हणून कंपनीही मी उलटून बघतो.
कर्ज किती, मालकाने स्वतःचे शेअर
गहाण टाकलेत का,
नफा हातात येतो की नुसताच वहीत.
पंधरा दिवसांसाठीच घ्यायचा असला तरी बघतो.
पंधरा दिवसांच्या प्रवासालाही
आपण चप्पल बघूनच घालतो की.

पण माल पारखता येणं म्हणजे अर्धंच काम,
हे कळायला मला एक पंप बनवणारी कंपनी लागली.
सात रस्त्यावर प्रभाकर चिप्पा म्हणाला, पळतोय, पकड.
मी सहाशे बाराला पकडला.
कंपनी चांगली होती, आजही आहे.
शेअर पाचशे चाळीसला आला
आणि मी स्वतःला सांगू लागलो
की मी मुळात लांब पल्ल्याचा माणूस आहे.
पंधरा दिवसांचा पाहुणा
चार महिने घरजावई होऊन बसला.
शेवटी पाचशे अठ्ठेचाळीसला त्याची बोळवण केली.
श्रावणीची सायकल त्या वर्षी आलीच नाही.

तेव्हा मला बसवण्णप्पा आठवला, हुबळीचा व्यापारी.
गड्ड्याची जत्रा संपली की यायचा,
आमच्या नाना मामाच्या दुकानात मांडी घालून बसायचा.
चादर गालाला लावायचा, किनार ओढून बघायचा,
तोंडभर कौतुक करायचा,
मग आपला भाव सांगून पाणी प्यायचा.
मामा मान हलवायचा.
बसवण्णप्पा चप्पल घालायचा.
"चादर चांगलीच आहे हो, भाव माझा नाही."
न रागावता. न घाई करता.
कोपऱ्यापर्यंत जायचा सावकाश,
कधी मामा हाक मारायचा,
कधी नाही.

आता माझ्याकडे लांबोडी लाल वही आहे.
अकरा नावं.
प्रत्येकापुढे शिसपेन्सिलीने तीन आकडे :
कुठे शिरायचं,
कुठे निघायचं,
आणि कुठे कबूल करायचं की माझंच चुकलं.
तिसरा आकडा लिहिताना
पेन्सिल नेहमी जरा जास्त दाबली जाते.

या आठवड्यात बेअरिंगवाली.
उलटी बाजू स्वच्छ, एक गाठ नाही.
माझा भाव चारशे चार.
मंगळवारी चारशे एकोणीस.
बुधवारी चारशे नऊ.
गुरुवारी दुपारी चारशे पाच रुपये साठ पैसे,
माझा अंगठा काचेवर,
भाकरीचा घास तोंडात तसाच,
शेंगाचटणीचं तिखट डोळ्यांत.

आणि तिथून ती वर गेली.

शुक्रवारी चारशे बावीस.
प्रभाकर हसला, काय बे,
एक रुपया साठ पैशांसाठी?
हो, त्याच्यासाठीच.
पण ते त्याला सांगताना
माझा आवाज बसवण्णप्पासारखा आला नाही,
हे इथे लिहून ठेवतो.
रात्री बायकोला म्हटलं, सुटली.
ती म्हणाली, काय सुटली?
मी म्हटलं, काही नाही, बस.

आज साडेतीनला बाजार मिटला.
मी वहीत चारशे चार खोडलं नाही,
वाढवलंही नाही.
चप्पल घातली, जिना उतरलो,
मागांच्या खडखडाटातून चालत कोपऱ्यापर्यंत आलो.

बाजार कुणाला मागून हाक मारत नाही, माहीत आहे.
तरी चालताना
पाय जरा सावकाशच पडतात.