कलते

कोपरखैरणे गावठाणात, तीन टाकीच्या अलीकडे,
आमच्या वरच्या खोलीत ओबिओरा राहतो.
अकरा महिन्यांचा करार, तिसऱ्यांदा.
पोलिसांच्या अर्जात त्याचं आडनाव मावत नाही,
दर वेळी मी ते समासात चढवतो.

पहिल्या वर्षी जिन्यात लोक भिंतीला चिकटून उतरायचे.
मग एका रविवारी त्याने आईच्या टोपलीतला सुका जवळा
मुठीत घेऊन हुंगला,
आणि बराच वेळ मूठ उघडेना.
त्यांच्याकडेही हेच घालतात म्हणे, कुटून, रश्शात.
आई म्हणाली, "पैसं नको घेव त्याचं.
वास वलखतो तो."

तेव्हापासून तो मराठी शिकतो ती आईची.
जवला. बाला. कालोख. जेवलास का रं?
ळ त्याच्या जिभेला वळत नाही,
आणि आईच्या तोंडात तो कधी नव्हताच.
माझ्या तोंडात चौथीत बसवला,
बाईंनी, पट्टीने.

एकदा गच्चीवर, टाकी भरायची वाट बघताना
त्याने सांगितलं त्याच्या गावच्या बाजारातल्या चिन्याचं.
वेन नाव. कापडाचं दुकान.
त्यांच्या भाषेत अक्वा म्हणजे कापड,
सूर जरा हलला की अंडं,
आणखी हलला की रडणं.
"बारा वर्षं तो रडणं विकत होता, मीटरवर.
आम्ही पोरं मुद्दाम भाव विचारायला जायचो."
मग?
"मग काय. बहिणीच्या लग्नाचं रडणं त्याच्याकडूनच आणलं.
माझी आई अजून तसंच म्हणते."
तो हसला. टाकी भरून वाहायला लागली होती,
दोघांनाही उठवेना.

परवा चौकीत हवालदाराने अर्जावरून मान वर न करता
मला विचारलं, "ह्याला मराठी कळते का?"
ओबिओराच बोलला,
"कलते. थोडी थोडी कलते."
टेबलामागे दोघं-तिघं हसले.
एकाने पुन्हा म्हणायला लावलं.
त्याने पुन्हा म्हटलं.

मी तळहात खिशात घातला,
अडतीस वर्षांनी पट्टी लागल्यासारखा.
म्हटलं, "साहेब, आमच्यात कलतेच बोलतात."

पेन थांबलं.
त्याने माझं आधार कार्ड उलटून पाहिलं,
मग मला, मग ओबिओराला,
आणि शिक्का शोधू लागला.